ज्याचा बाण, त्याचा आकडा

त्या शनिवारी आईने नेहमीचीच कामं केली. सकाळी शेजारणीच्या पडद्यांना कड घालून दिली, दुपारी अर्धा तास डोळा लावला, आणि संध्याकाळी पायात कॅनव्हासचे बूट चढवून मैदानाच्या फाटकावर लागलेली तिरंदाजी संघाची यादी वाचायला गेली. परत आली तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसली होती.

"लागली का यादी?" मुलीने विचारलं. मान मात्र वर केली नाही.

"लागली की."

"मग?"

"घड्याळवाल्यांचं नाव आहे. बरं झालं. माणूस दोन वर्षांपूर्वी नीट उभाही राहत नव्हता."

"आणि तुझं?"

आईने बूट काढून भिंतीला टेकवले. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून उभ्यानेच प्यायली. "नाही. बरोबरच आहे गं. माझा शेवटचा बाण हल्ली जरा खालीच बसतो. शिकवणाऱ्या ड्रायव्हरभाऊंच्या नजरेतून काही सुटत नाही."

मुलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आईचं नाव यादीत का नाही, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस शेंगा सोलत होतं.

आईने एकतीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानात कपडे दुरुस्त केले. लोकांच्या पँटी आखूड केल्या, लोकांचे झगे सैल केले. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुकान सुटलं, आणि महिनाभरात बाई गावच्या तिरंदाजी मंडळात जाऊन उभी राहिली. "आयुष्यभर सुईच्या नेढ्यात नेम धरला," ती म्हणाली, "आता जरा लांबचा धरून बघते." मुलीला तेव्हा हसू आलं होतं. मग आईला खरंच जमायला लागलं, आणि मुलीला काळजी वाटायला लागली. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी आईच्या छातीला यंत्र लावून कागदावरच्या रेघा पाहिल्या होत्या आणि "फार दगदग नको" एवढंच म्हटलं होतं. तेवढं वाक्य मुलीने घट्ट धरून ठेवलं. पुढे त्यांनी "चालणं-फिरणं, खेळ चालू ठेवा" असंही सांगितलं होतं. ते कुठेतरी गळून गेलं.

फोन गुरुवारी आला होता. आई न्हाणीघरात होती आणि तिचा फोन शिवणयंत्रावर वाजत होता. मंडळाची चिटणीस म्हणजे मैदानासमोरच्या औषधाच्या दुकानातली बाई. तिचा आवाज नुसता फुलून आला होता. "आईंना सांगा, निवड झाली! तिघांच्या संघात साठीवरचा एकजण लागतो ना, त्यात त्याच पहिल्या. तीन गुणांनी पुढे. विभागीय स्पर्धा आहे, तीन दिवस बाहेरगावी. येतील ना?"

न्हाणीघरात पाणी पडत होतं. तीन दिवसांचं ऊन, बसचा प्रवास, परकं अंथरूण, हे सगळं मुलीच्या डोळ्यांपुढून एका दमात सरकलं. ती म्हणाली, "नाही हो. तिला नाही जमणार. तब्येत तशी नाहीये तिची."

"अरेरे. त्या म्हणाल्या तसं?"

"हो."

एवढंच. तो "हो" बोलायला अर्धा क्षणही लागला नव्हता.

आईला सांगायचंच नाही, असं काही तिने ठरवलं नव्हतं. सवडीने सांगू, समजावून सांगू, असं ती दोन दिवस स्वतःला सांगत होती. मुलगी दुष्ट नव्हती. आपल्या घराघरांत अशी शहाणी, मायाळू मुलं आहेत. आईबापांच्या वाटचं 'नाही' ती परस्पर म्हणून टाकतात आणि त्याला जपणूक म्हणतात.

शनिवारी जेवणं झाल्यावर आईने एक दोरी बाहेर काढली. घड्याळवाल्यांच्या धनुष्याची. बाणाचं बूड जिथे बसतं, तिथे दोरीवर बारीक दोरा गुंडाळलेला असतो. तो झिजून सुटला होता. मंडळातल्या सगळ्यांच्या दोऱ्यांची ही डागडुजी आईच करत असे.

"धर गं ते टोक. ताणून धर."

मुलीने धरलं. आईने रिळातला मेणाचा दोरा घेतला आणि वेढ्याला वेढा चिकटवत निघाली.

"ज्याने तुझी जागा घेतली, त्याचीच दोरी दुरुस्त करतेस?"

"माझी कसली जागा? जो चांगला मारेल त्याची." आई वेढे मोजत नसे, बोटाने चाचपत असे. "हे बघ, दोरा घट्ट हवा, पण गळा आवळायचा नाही. फार आवळला की दोरी मरते. मग बाण उडतच नाही, नुसता घरंगळतो."

मुलीने तोंड उघडलं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात आईने जांभई दिली. "उरलेलं उद्या करू. डोळे चुरचुरायला लागले." अर्धी गुंडाळलेली दोरी, तिला लोंबणारं रीळ, सगळं तिने यंत्राच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला आधी जाग आली. असं त्या घरात कधीच होत नसे.

*

माणसं आली, बसली, गेली. प्रत्येकाने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "किती जपलंस गं तिला. फुलासारखं ठेवलंस." तिने ते ऐकून घेतलं. औषधवाल्या बाईही आल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्यांना आतून कळलं असावं बहुतेक. म्हणूनच नाही म्हणाल्या स्पर्धेला." मुलीने मान हलवली. ते मान हलवणं म्हणजे दुसरं खोटं होतं, आणि या वेळी पाण्याच्या आवाजाचाही आडोसा नव्हता.

आठवड्याभराने ती कामावर रुजू झाली. डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्या खिडकीवर बसून पेशंटची नोंद करायची, हे तिचं काम. म्हातारी माणसं यायची, सोबत मुलगा, सून, लेक. ती सोबतच्या माणसाकडे बघून विचारायची, "काय होतंय यांना? कधीपासून?" सोबतचा माणूस भराभर सांगायचा. मधे उभं असलेलं म्हातारं माणूस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचं. रांग लवकर सरकायची. सगळ्या दवाखान्यात तिची खिडकी वेगवान म्हणून नावाजलेली होती.

तीन आठवडे गेले. एका रविवारी तिने यंत्राचा खण उघडला आणि दोरी दिसली. दोरी दुसऱ्याची होती, ती परत करायलाच हवी होती. तिने ती रुमालात बांधली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मैदानावर गेली.

बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागची ती सपाट जागा होती. एका टोकाला गवताच्या जाड गादीची निशाणं तिकाटण्यांवर उभी होती. दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ आणि रेघेवर रंगवलेले आकडे, एक ते दहा. प्रत्येक आकड्यावर एकेक माणूस उभं होतं. बेकरीवाला, एक नर्स, कॉलेजातली मुलगी, मधेच केस पिकलेले दोघेतिघे. चारच्या आकड्यावर मात्र कुणीच नव्हतं. रेघेवर गर्दी होती, पाच आणि सहा खांद्याला खांदा लावून उभे होते, तरी चार रिकामा.

मागे शिट्टी गळ्यात अडकवून ड्रायव्हरकाका, आईचे ड्रायव्हरभाऊ, उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी बस चालवली होती आणि माणसांना ते नंबरानेच ओळखत. "पाच नंबर, कोपर आत घ्या, गाडी घासेल. नऊ नंबर, श्वास सोडा, टायरची हवा नका सोडू." कुणी हसलं की म्हणायचे, "चालकाशी बोलू नये, पाटी वाचली नाही का?"

मुलीने रुमाल पुढे केला. "काका, ही दोरी. आईच्या खणात होती. अर्धीच झालीय."

काकांनी दोरी हातात घेतली आणि जिथे वेढे संपले होते तिथे अंगठा ठेवला. मग म्हणाले, "आलाच आहात तर एक फेरी बघून जा. चार नंबर नेहमी म्हणायच्या, एकदा लेकीला आणते."

आई तिलाही म्हणाली होती. पाच वर्षांत निदान वीस वेळा.

दोन शिट्ट्या झाल्या, माणसं रेघेवर सरसावून उभी राहिली. एक शिट्टी, आणि दोऱ्या कानाशी ओढल्या गेल्या. बाण सुटल्याचा आवाज टाळीसारखा नव्हता, पाखरू पंख झटकतं तसा होता. मग तीन शिट्ट्या, आणि सगळेजण धनुष्यं ठेवून निशाणांकडे चालू लागले. तीही मागोमाग गेली.

तिसऱ्या निशाणाशी औषधवाल्या बाई कागद घेऊन उभ्या होत्या. मंडळाचा नेम असा, की बाण कुठे लागला ते ज्याने मारला त्याने स्वतः मोठ्याने सांगायचं. बाकीच्यांनी बघायचं, पटलं नाही तर हरकत घ्यायची. पण आधी आकडा त्याच्या तोंडून यायला हवा. तोपर्यंत बाणाला कुणी हात लावायचा नाही आणि कागदावर काही लिहायचं नाही.

नर्सने आपले तीन सांगितले. नऊ, नऊ, सहा. मग घड्याळवाले पुढे झाले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचे हात वाचले होते, पण बोलणं अडकलं होतं. डाव्या मनगटाला धनुष्य सांभाळणारा एक पट्टा होता. त्याच्यावरची दुहेरी टीप मुलीने लगेच ओळखली.

त्यांनी पहिल्या बाणाकडे बोट दाखवलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

ऊन वर आलं होतं. सगळे थांबले. कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे बाणावर. बेकरीवाल्याने वाकून बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. ओठ पुन्हा हलले. मुलीला ते बघवेना. तिला वाटलं, ही काय शिक्षा! बाण तर समोर दिसतोय. आणि ती मदतीच्या सुरात म्हणाली, "आठ. आठ आहे त्यांचा."

पेन हललं नाही. मग मागून काकांचा आवाज आला, अगदी हळू. "ताई, बाण त्यांचा आहे."

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. मान हलवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. छाती वरखाली झाली, गळ्याची शीर ताठ झाली, आणि शब्द बाहेर आला.

"सा...त."

औषधवाल्या बाई वाकून जवळून बघत्या झाल्या. बाण आठच्या वर्तुळाच्या रेघेला चिकटल्यासारखा, म्हणजे आठ, दिसत होता तो फक्त बाजूने. समोरून बघितलं तर रेघ आणि बाण यांच्यामध्ये नखाएवढी फट होती. "सात," त्या म्हणाल्या आणि लिहिलं.

मुलगी तिथून निघाली ती सरळ पत्र्याच्या शेडखाली जाऊन बाकावर बसली.

काका पाण्याची बाटली घेऊन आले. "मनावर घेऊ नका. नवं माणूस हमखास ही चूक करतं. मायाळू माणूस तर नक्कीच."

"काका, तो फोन मी घेतला होता."

"कुठला फोन?"

"निवडीचा. आई नाही म्हणालीच नव्हती. तिला कळलंच नाही. मी म्हणाले 'नाही'. आणि ती यादी वाचून आली आणि म्हणाली, माझा शेवटचा बाण खाली बसतो."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. सवयीने त्यांनी उजवीकडे वर बघितलं, जिथे बसमध्ये आरसा असतो.

"डॉक्टर म्हणाले होते दगदग नको," ती म्हणाली. "तीन दिवस बाहेरगावी. तिकडे तिला काही झालं असतं तर?"

"झालं असतं. नसतंही. इकडे झालंच की, घरात, स्वतःच्या गादीवर."

"म्हणजे माझी काळजी चुकीची होती?"

"काळजी कशी चुकेल? ती असायलाच हवी. पण ताई, मरण कुठल्या थांब्यावर चढतं ते ड्रायव्हरला नाही कळत. कुठल्या गाडीत बसायचं, ते मात्र प्रवासी ठरवतो. तुम्ही त्यांना सांगितलं असतं, भांडला असता, रडला असता, हट्ट केला असता, सगळा तुमचा हक्क. कदाचित तुमच्याकडे बघून त्या नाहीच म्हणाल्या असत्या. पण मग ते 'नाही' त्यांचं असतं."

तिने बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"माझंच सांगतो," काका म्हणाले. "चाळीस वर्षं हजारो माणसं मी सुखरूप पोचवली. आता रस्ता ओलांडताना नातू कोपर धरतो. धरू दे, बरं वाटतं. पण परवा हॉटेलात वेटरने विचारलं, काय घेणार? आणि सून म्हणाली, त्यांना पातळ सूपच द्या. वेटरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, अहो, मी अजून गाडीतच आहे, उतरलो नाही."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून वाहू लागले. काकांनी तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, "होतं असं" म्हणाले नाहीत.

"आता मी काय करू?"

"चिटणीस बाईंना सांगा. त्यांना वाटतंय, चार नंबर आपल्याला नाही म्हणाल्या. घड्याळवाल्यांना सांगा, त्यांनाही खरं कळायला हवं. आणि मग जिला सांगायचं राहिलंय, तिला."

तिने सांगितलं. निशाणाशी जाऊन, सगळ्यांच्या देखत. औषधवाल्या बाईंचा चेहरा उतरला. "त्या शनिवारी मी दुकानाच्या काचेतून त्यांना बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "फाटकापाशी खूप वेळ उभ्या होत्या. पुनःपुन्हा वाचत होत्या. मला वाटलं, स्वतःच नाही म्हणाल्या आणि आता चुटपुट लागलीय. गिऱ्हाईक होतं, नाहीतर गेले असते." मग म्हणाल्या, "मला राग आलाय तुमचा. खोटं कशाला सांगू?"

"यायलाच हवा," मुलगी म्हणाली.

घड्याळवाल्यांना बोलायचं होतं. सगळे थांबले. मुलगीही थांबली, निशाणावरच्या भोकांकडे बघत.

"मला... वाटलं... मी... जिंकलो." मग हात छातीवर ठेवून, "त्या... तीन... पुढे."

"हो," ती म्हणाली. "तीन गुणांनी पुढे होती."

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या हातची जीत गेली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. हिशेब खरा निघाल्यावर येतं तसं.

*

सोमवारी दवाखान्यात एक माणूस आपल्या वडिलांना घेऊन खिडकीशी आला. "यांना ना, डाव्या डोळ्याने..." त्याने सुरुवात केली.

"एक मिनिट हं," ती म्हणाली. मग खुर्ची सरकवून तिने मान थोडी खाली केली आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. "आजोबा, काय होतंय तुम्हाला?"

म्हातारा गडबडला. त्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा बोलायला लागला, तिने नुसता हात वर केला. रांगेतलं कुणीतरी खाकरलं. ती थांबून राहिली.

"मला," म्हातारा म्हणाला, "पेपर वाचता येतो. पण नात हसली की तिचे दात दिसत नाहीत."

मुलगा वडिलांकडे बघतच राहिला. हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून तिच्या खिडकीची रांग सावकाश सरकू लागली. वरिष्ठांनी एकदा विचारलंही. ती म्हणाली, "नोंद पेशंटची करायची आहे ना? मग पेशंटकडून घेते."

वाचकहो, ही गोष्ट इथे सांगायचं कारण एवढंच. वय झालं की माणसाचे गुडघे जातात, नजर जाते, कधी वाचा अडकते. त्याचं 'हो' आणि 'नाही' मात्र त्याचंच राहतं. आपण त्याला सावली धरावी, पाणी द्यावं, वाटलं तर भांडावं. पण त्याच्या बाणाचा आकडा आपण सांगू नये. थांबावं. प्रेमाचं हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि त्याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पुढच्या रविवारी ती रीळ घेऊन मैदानावर गेली. घड्याळवाल्यांनी दोरीचं एक टोक ताणून धरलं. जिथे आईचा वेढा थांबला होता, तिथून तिने सुरुवात केली. पहिले दोन वेढे फार आवळले गेले. तिने ते सोडवले. घट्ट, पण गळा आवळायचा नाही. आईचे वेढे कुठे संपतात आणि हिचे कुठे सुरू होतात, ते बघणाऱ्याला सहज कळलं असतं. घड्याळवाल्यांनी दोरीवरून अंगठा फिरवला आणि पुष्कळ वेळाने म्हणाले, "छा...न."

मग तीन शिट्ट्या झाल्या. माणसं आपापले बाण आणायला चालू लागली. रेघ रिकामी झाली. ती चारच्या आकड्यावर जाऊन उभी राहिली. चुन्यात कॅनव्हासच्या बुटांनी घासून घासून दोन उथळ खळगे पडले होते. तिची पावलं त्यांत नेमकी बसली नाहीत, थोडी मोठीच होती.

काकांनी शिट्टी तोंडाशी नेली होती, ती खाली केली. निशाणांपाशी गेलेली माणसंही जागच्या जागी थांबली. कुणी वळून बघितलं नाही. ते बाणांकडे बघत राहिले.

पहिल्यांदा आवाज आलाच नाही. तिने पुन्हा श्वास घेतला. आणि मैदानाच्या त्या टोकालाही ऐकू जावं अशा आवाजात, आकडा सांगावा तसं ती म्हणाली,

"आई, तुझी निवड झाली होती."